चंद्रेकडून जाऊ, भागेकडून येऊ

आमच्या घरातला कोणताही प्रवासाचा बेत नकाशावर ठरत नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठरतो. नकाशात डोंगर असतात, नद्या असतात. पण सत्रपरीक्षा नसतात, गौरी-गणपती नसतात आणि धाकट्या नणंदेच्या मुलीचे डोहाळजेवण तर मुळीच नसते. त्यामुळे हिमाचलातल्या चंद्रतालपासून बारालाचा खिंडीपर्यंत पायी जायचे असे ठरले तेव्हा पहिला कागद पुढे ओढला गेला तो हिमाचल प्रदेशाचा नव्हे, तर आमच्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकाचा.

मी मराठी शिकवते. शिक्षकांना सुट्ट्या फार, असा एक समज समाजात पसरलेला आहे आणि आम्हीही तो फारसा खोडून काढत नाही. परंतु हिमालयाने आमच्या सुट्ट्या कधी विचारात घेतलेल्या नाहीत. मे महिन्यात आम्ही मोकळ्या असतो तेव्हा चंद्रतालची वाट बहुधा बर्फाखाली असते. दिवाळीची सुट्टी लागते तोवर ती पुन्हा बर्फाखाली जाण्याच्या तयारीत असते. जुलैत वाट उघडी, पण ओढ्यांना बर्फ वितळून आलेले पाणी फार. त्यातल्या त्यात बरा काळ ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर. आणि नेमके तेव्हाच आमच्याकडे गणपती बसतात, महाविद्यालयात अंतर्गत परीक्षा बसतात आणि प्राचार्यांच्या कपाळावर आठ्याही बसतात. “बाई, उत्तरपत्रिका हिमालयात तपासणार की काय?” असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, “तिथे हवा विरळ असते सर, गुण जास्तच पडतील.”

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मीही तो अजून कागदावरच पाहिला आहे, पण इतक्या वेळा की डोळे मिटून रेघा ओढू शकेन. बारालाचा ही लाहौलमधली खिंड सुमारे ४,८९० मीटर उंच, म्हणजे सोळा हजार फुटांची. मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता तिच्यावरून जातो. खिंडीच्या अगदी खाली सूरजताल आहे. त्यातून भागा नदी निघते. खिंडीच्या दुसऱ्या अंगाला चंद्रा नदी उगम पावते. दोघी एकमेकींकडे पाठ करून निघतात. चंद्रा मोठा वळसा घेऊन, चंद्रतालजवळून, बातल आणि छत्रू ही ठाणी ओलांडून येते; भागा जवळच्या वाटेने, दारचा, जिस्पा, केलाँग करीत येते. आणि तांदी नावाच्या गावी दोघी भेटतात. तिथून पुढे त्यांचे नाव चंद्रभागा. वेदांत हिलाच असिक्नी म्हटले आहे. जम्मू-काश्मीरमध्ये शिरल्यावर ती चिनाब होते.

लाहौलमध्ये गोष्ट सांगतात ती अशी की चंद्रा ही चंद्राची मुलगी आणि भागा हा सूर्याचा मुलगा. दोघांचे एकमेकांवर मन बसले, आणि त्यांनी ठरवले की बारालाचावरून दोन दिशांनी निघायचे, पर्वताला वळसा घालायचा आणि तांदीला भेटून लग्न लावायचे. चंद्राची वाट लांबची, तरी ती आधी पोहोचली. भागाची वाट जवळची, पण अरुंद घळींतून येताना त्याला उशीर झाला. (नदीला मुलगा मानणे मराठी व्याकरणाला जड जाते, पण प्रेमकथेपुढे व्याकरणाने हट्ट धरू नये.)

सासूबाईंनी ही गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाल्या, “चंद्रभागेलाच जायचंय ना? मग पंढरपूरला जा की! एसटी दारातून मिळते.”

यावर उत्तर देणे कठीण होते. भीमेला पंढरपुरी चंद्रभागा म्हणतात ते तिथे ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून. लाहौलातली चंद्रभागा ही दोन नावांची संधी. नाव एक, घडण निराळी. मी वर्गात असते तर यावर पाऊण तास बोलले असते, आणि एका चंद्रभागेच्या काठचे नामदेव महाराज दुसरीच्या पाण्यावर पोसलेल्या पंजाबात जाऊन घुमानला राहिले, त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत, इथवर येऊन तास संपवला असता. सासूबाईंना मी एवढेच सांगितले की नामदेव महाराजसुद्धा तिकडे गेले होते. “ते तीर्थाटनाला गेले होते,” त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखे थैल्यांत झोपायला नव्हे.”

हा बेत मूळचा माझा नव्हे, आमच्या ह्यांचाही नव्हे. तो थोरल्या भावोजींचा. ह्यांचे वडील गेले तेव्हा हे नववीत होते. भावोजींनी शिक्षण अर्धवट टाकले आणि पोस्टात नोकरी धरली. ह्यांच्या अभियांत्रिकीच्या फिया त्या पगारातून गेल्या. दर रविवारी ते धाकट्या भावाला घेऊन सह्याद्रीत जात: सिंहगड, राजगड, तोरणा, एकदा कळसूबाई. डोंगरावर तिकीट लागत नाही, हे त्याचे कारण त्यांनी मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितले. पोस्टात टपाल निवडताना ‘केलाँग, जिल्हा लाहौल-स्पिती’ असा पत्ता एकदा त्यांच्या हाती आला. त्या नावावर त्यांचे मन बसले ते बसलेच. एका जुन्या वहीत त्यांनी मासिकांतली कात्रणे, हाताने काढलेले नकाशे आणि उंचीचे आकडे जमा केले. तारुण्यात एकदा हिमालयातल्या एका मोहिमेसाठी पैसे भरायला ते निघालेही होते. त्याच महिन्यात ह्यांची फी आली. ही गोष्ट मात्र त्यांनी सांगितलेली नाही. ती जाऊबाईंनी सांगितली, आणि तीही भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता.

निवृत्तीनंतर बेत खरोखरच जुळून आला. २०२३ साली श्रावण अधिक होता, त्यामुळे गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. पंचांगाने असा हात दिल्यावर काय हवे! ऑगस्टअखेर निघायचे, गणपतीच्या आधी घरी. भावोजी, हे, मी आणि भावोजींची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, असे चौघे. ती तेव्हा नुकतीच डॉक्टर झाली होती. बूट आले, थैल्या आल्या, पर्वतीच्या १०३ पायऱ्या पाठीवर ओझे घेऊन चढून-उतरून आम्ही तिथे नेमाने फिरायला येणाऱ्यांची करमणूक केली.

आणि जुलै २०२३ मध्ये हिमाचलात पाऊस कोसळला. बियास नदीने कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी तोडून नेला. चंद्रतालजवळ तीनशेच्या आसपास प्रवासी अडकले. कुंझुमच्या बाजूने बर्फ हटवत त्यांना बाहेर काढावे लागले. ऑगस्टमध्ये पुन्हा पाऊस, पुन्हा दरडी. आम्ही तिकिटे रद्द केली. भावोजींनी वही मिटली आणि म्हणाले, “तलाव कुठं जात नाही. पुढल्या वर्षी.”

पुढल्या वर्षी, फेब्रुवारीत, आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना ते अर्ध्यावर थांबले. ताक विकणारीकडून ताक घेतले, ‘पित्त झालंय’ म्हणाले, आणि घामाने निथळू लागले. पुढचे सविस्तर सांगत नाही. हृदयाची एक रक्तवाहिनी फुग्याने उघडून जाळी बसवली. दुसरी इतकी बारीक झाली होती की तिच्या वाट्याला औषधेच आली. हृदयरोगाच्या डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, हळूहळू टेकड्यांचीही दिली. मात्र हिमालयाचे नाव काढताच ते म्हणाले, तीन हजार मीटरांच्या आसपास, तेही सावकाश आणि तपासण्या ठीक आल्या तर. त्यापलीकडे नाही.

या आजारावर आमच्या घरात दोन मते आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. पुतणी म्हणते, “पाऊस पडला म्हणून बाबा वाचले. ती नस तेव्हाही तशीच असणार. बारालाचाखाली, तंबूत, रात्री हे झालं असतं तर मी काय करणार होते?” भावोजी म्हणतात, “पाऊस पडला नसता तर मी पाहून तरी आलो असतो.” मी बावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासते आहे, या दोन उत्तरांना गुण कसे द्यावेत ते मला उमगलेले नाही.

बेत पुन्हा काढला तो भावोजींनीच. पुढच्या वर्षी सप्टेंबरात, आमचा दीड दिवसाचा गणपती सांभाळून, तुम्ही जायचे, असे ते म्हणाले. ‘आपण’ म्हणाले नाहीत, ‘तुम्ही’ म्हणाले. पण तोंडाने ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस रोज सकाळी मोजून पाच किलोमीटर चालून येई आणि घरात शिरताच दारामागे टांगलेल्या बुटांकडे पाही, हे सर्वांना दिसत होते. त्यांना कोणी तरी स्पष्ट सांगायला हवे होते. हे म्हणाले, “मी दादाला सांगायचं? मी?” जाऊबाई म्हणाल्या, घरात डॉक्टर आहे ना. आणि डॉक्टर चार आठवडे आपल्या कामाच्या पाळ्या पुढे करीत राहिली.

शेवटी एका रात्री जेवताना ती म्हणाली, “बाबा, तीन हजारांच्या वर नाही.” एवढेच. भावोजींनी ताकभात संपवला, ताटात पाणी घातले, उठले, हात धुतले. आम्ही एकाच इमारतीत वरखाली राहतो. रोज संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला येतात. पुढचे चार दिवस आले नाहीत.

या चार दिवसांत मी वेळापत्रक करायला बसले. तेवढे एकच काम मला येत होते. आणि ते करताना मला कळले की हा बेत सह्याद्रीतल्या बेतांपेक्षा मुळातच निराळा आहे. सह्याद्रीत प्रश्न असतो तो, एका दिवसात किती चढता येईल. इथे प्रश्न असतो, एका दिवसात किती कमी चढायचे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. मनालीचा बाजार २,०५० मीटरवर आहे. म्हणजे आपण राज्यातले सर्वांत उंच शिखर सर केले तरी मनालीतल्या भाजीवालीच्या चारशे मीटर खालीच उभे असतो! सह्याद्रीने पाय घडतात, गुडघे घडतात, स्वभावही घडतो. पण विरळ हवेची सवय त्याने लागत नाही. ती फक्त तिथे जाऊन, तिथे झोपून, तिथे वेळ घालवून लागते.

हवेत प्राणवायूचे प्रमाण तेवढेच असते, मात्र हवेचा दाबच कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी येतो. चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर. तिथला दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास. बारालाचावर तो निम्म्याहून थोडाच अधिक. शरीर हे सारे जुळवून घेते, पण त्याला घाई चालत नाही. तीन हजारांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा नियम आहे. नियम साधा आहे. तो मोडायची सोयही तितकीच साधी आहे. मनालीहून पहाटे गाडीत बसले की संध्याकाळी माणूस चंद्रतालजवळच्या तंबूत असतो. एका दिवसात बावीसशे मीटर! पायांना काहीच श्रम नाहीत, आणि रात्री डोके फुटायची पाळी येते. रस्ता झाला म्हणजे अंतर कमी होते, उंची कमी होत नाही.

म्हणून माझ्या कागदावर मुक्कामच मुक्काम आले. मनाली दोन रात्री. मग बोगद्यातून केलाँग, सुमारे ३,०८० मीटर, दोन रात्री. तिथून मागे वळून, कोकसर-ग्राम्फूवरून छत्रू, ३,३०० च्या थोडे वर. तिथेही दोन, कारण पुढचे बातल जवळजवळ चार हजारांवर आहे आणि हा एक टप्पा नियमात नीटसा बसत नाही. बातलला एक. चंद्रतालला दोन. त्यानंतर खरे चालणे: चंद्रेच्या काठाने तोक्पो योंगमा, मग तोक्पो गोंगमा, आणि तिसऱ्या दिवशी बारालाचा. चालायचे तीन दिवस, आणि त्या तीन दिवसांसाठी वर जाता जाता नऊ रात्री थांबायचे! हे पाहून आमचे हे म्हणाले, “अगं, हा ट्रेक आहे की माहेरपण?”

तोक्पो म्हणजे ओढा. पण ओढा म्हणजे आपला ओढा नव्हे. हिमनदीचे पाणी दुपारी उन्हाने वाढते, पहाटे ओसरते. तेव्हा ते ओलांडायचे ते सकाळी लवकर, बोटे बधिर होत असताना. म्हणजे पहाटे तंबू सोडायचे, म्हणजे रात्री आठला झोपायचे, म्हणजे सातला जेवायचे. एका ओढ्याने आमची जेवणाची वेळ ठरवली.

जेवणाचे तर वेगळेच शास्त्र निघाले. चंद्रतालच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. ते खदखदताना दिसते, पण डाळ शिजत नाही. सासूबाईंना हे पटेना. “उकळतं ते उकळतं,” त्या म्हणाल्या. तेव्हा खेचरांवर कुकर चढवायचा की नाही, यावर दोन संध्याकाळी गेल्या. कुकर नेण्याचे ठरले. पण त्याचा भरवसा नको म्हणून सातूचे पीठ, मेतकूट, दाण्याचे लाडू आणि दशम्या. पिठले मात्र तिथेही शिजेल असा माझा अंदाज आहे. बेसनाने मराठी माणसाला आजवर कुठे अडचणीत आणले आहे?

चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकू देत नाहीत, हे मला आवडले. २००५ साली त्या पाणथळीची नोंद रामसर यादीत झाली. मुक्काम अलीकडे दोन-तीन किलोमीटरांवर करायचा आणि तलावापर्यंत चालत जायचे. माणसाने आपले खरकटे घेऊन देवाच्या आरशापुढे बसू नये, एवढे तारतम्य कोणी तरी दाखवले म्हणायचे.

पाचव्या दिवशी पुतणीने माझा कागद पाहिला आणि त्यावर एक आडवी जाड रेघ मारली: चंद्रतालच्या दुसऱ्या रात्रीखाली. “काकू, इथे ठरवायचं. इथून पुढे नाही.”

मला वाटले होते, काही झाले तर मागे फिरता येते. तिने नकाशावर बोट ठेवून दाखवले. उंचीच्या आजारावर खरे औषध एकच, खाली उतरणे. पण या वाटेवर खाली उतरणे सोपे नाही. तोक्पो गोंगमाचा मुक्काम सुमारे ४,६४० मीटरांवर. तिथे कोणाला धाप लागली, खोकला सुरू झाला, तोल जाऊ लागला, तर मागे दोन दिवसांची वाट तुडवून आपण पोहोचणार चंद्रतालला, म्हणजे उतरणार जेमतेम चारशे मीटर. आणि पुढे जायचे तर आधी आजारी माणसाला आणखी अडीचशे मीटर वर चढवायचे, तेव्हा कुठे बारालाचावर गाडी आणि खाली उतरणारा रस्ता. दोन्हीकडून अडचण. चंद्रतालला मात्र गाडी आहे. तासाभरात माणूस उतरणीला लागतो. तेव्हा जे काही शंकास्पद असेल ते तिथेच.

“डोकं दुखलं तर?” मी विचारले.

“एक गोळी. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखलं तर परत.”

“कोण परत?”

“सगळे.”

आमच्या ह्यांना हे पटले नाही. ते अभियंते आहेत. एक खांब कच्चा निघाला म्हणून सारी इमारत पाडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. एकजण वाटाड्याच्या मदतनिसाबरोबर परत जाईल, बाकीचे पुढे जातील; इतका खर्च, इतकी रजा! यावर बराच वाद झाला. पुतणी आवाज न चढवता म्हणाली, “काका, एकटं परत पाठवणार हे ठाऊक असलं की माणूस डोकं दुखतंय हे सांगतच नाही. सगळे परतणार म्हटलं तरी कदाचित सांगणार नाही. म्हणून मी विचारणार नाही, मी बघणार.” आणि तिने आम्हांला दिवाणखान्यातल्या फरशांच्या रेघेवरून टाचेला बोट लावून सरळ चालायला लावले. तोल गेला तर मेंदूला सूज असू शकते, म्हणून ही परीक्षा रोज सकाळी. सासूबाई पलंगावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “त्याला काय, मी पण तशी चालत नाही, मी काय हिमालयात आहे?” हसू आवरल्यावर ठरले की मत मोजायचे नाही, पुतणी म्हणेल ते शेवटचे. हे ‘बरं’ म्हणाले. ह्यांचे ‘बरं’ दोन प्रकारचे असते. हे दुसऱ्या प्रकारचे होते, पण मी ते वहीत लिहून घेतले आणि त्यावर सही घेतली.

त्याच संध्याकाळी भावोजी आले. हातात ती जुनी वही. चहा घेतला. माझा कागद मागून घेतला, चष्मा चढवला आणि बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “प्राध्यापकीणबाई, अक्षर छान आहे. पण तुमच्या वेळापत्रकात एक रकाना कमी आहे.”

“कोणता?”

“खाली कोण आहे, हा.”

ते कागद घेऊन बसले आणि पोस्टातल्या त्या ठसठशीत अक्षरात त्यांनी सारे नव्याने लिहून काढले. तारीख, मुक्काम, उंची, पाणी, आणि शेवटी नवा रकाना: ‘खाली’. चंद्रतालच्या पुढे फोन नाही. तुम्ही ठरल्या दिवशी बारालाचावर आलात की नाही हे पुण्यात बसून कोणाला कळणार? आणि गाडीवाला आलाच नाही तर? त्यांनी त्या रकान्यात मनालीपासून स्वतःला बसवले होते. मनाली: बरोबर. केलाँग, दोन रात्री: बरोबर. पुढे आम्ही छत्रूकडे वळू, ते केलाँगलाच राहतील. रोज सकाळी हवामान विचारतील. ज्या दिवशी आम्ही बारालाचा ओलांडायची, त्या पहाटे जीप भरून वर पाठवतील. संध्याकाळी सहापर्यंत आम्ही आलो नाही तर काय, दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात कोणाची नावे, कोणती वाट, कोणत्या रंगाचे तंबू द्यायचे, हे सारे लिहिलेले होते. खाली जाऊबाईंचेही नाव होते. जाऊबाईंना हे तोवर कोणी विचारले नव्हते.

“तुम्ही चंद्रेकडून जा,” ते म्हणाले, “भागेकडून या. आणि परतताना तांदीला थांबू. संगम मला बघायचाय. तो सव्वीसशेच्याच आसपास आहे, डॉक्टरीणबाई, मी बघितलंय.”

डॉक्टरीणबाई वहीतला आकडा तपासू लागली. मला एकदम बोगद्याची आठवण झाली. पूर्वी केलाँगला जायचे तर रोहतांग ओलांडावी लागे, आणि रोहतांग जवळजवळ चार हजार मीटर. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा खुला झाला. तो नऊ किलोमीटर लांब आणि सुमारे ३,१०० मीटरांवर आहे. ज्या माणसाला केलाँगच्या पत्त्याने आयुष्यभर ओढले, त्याला त्या खिंडीला टाळून केलाँगला पोहोचता येईल अशी वाट तो निवृत्त झाल्यावर निघाली. मी हे बोलून दाखवले. भावोजी म्हणाले, “वहीत आहे ते. तारखेसकट.”

पुतणीने अटी घातल्या: ताण देऊन केलेली हृदयाची तपासणी, निघण्याआधी महिनाभर. केलाँगला पहिले दोन दिवस काही न करणे. जाऊबाई बरोबर, आणि गोळ्यांची पेटी त्यांच्याकडे. हृदयरोगाच्या डॉक्टरांनी तपासणी पाहून मगच हो म्हणायचे. त्यांनी नाही म्हटले तर तांदीही नाही. भावोजींनी प्रत्येक अटीवर बरोबरची खूण केली. जाऊबाईंनी फक्त एवढेच विचारले की केलाँगला रात्री थंडी किती असते, आणि उत्तराची वाट न पाहता लोकर शोधायला गेल्या.

आता ती वही आमच्या दिवाणखान्यात, फोनच्या बाजूला असते. खेचरवाल्याशी बोलणे झाले आहे. वाटाड्या ठरला आहे. दोन राखीव दिवस कुठे घालायचे यावर अजून एकमत नाही: हे म्हणतात चंद्रतालला, पुतणी म्हणते छत्रूला. सासूबाईंनी आपल्या परीने निर्णय दिला आहे की राखीव दिवस पंढरपूरला घालावे.

परवा कागद पुसून ठेवताना मी पाहिले, बारालाचाच्या ओळीत, ‘खाली’च्या रकान्यात, भावोजींच्या अक्षरात शिसपेन्सिलीने काही तरी बारीक लिहिले होते. चष्मा लावून वाचले: ‘सूरजताल. जीपबरोबर? पंधरा मिनिटे, न उतरता.’ मी वही पुतणीपुढे केली. तिने ते वाचले. खोडरबर तिच्या हाताशीच होते. तिने ते उचलले, थोडा वेळ बोटांत फिरवले, आणि पुन्हा टेबलावर ठेवले.

“केलाँगला गेल्यावर बघू,” ती म्हणाली आणि वही मिटून फोनच्या बाजूला ठेवली.